झाकली मूठ : कर्नल रेड्लची हकीकत

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. संसारात ही म्हण पुष्कळदा उपयोगी पडते. संस्थेच्या कारभारात मात्र ती घात करते, असे आम्हांला अनुभवाने वाटू लागले आहे. आजची हकीकत व्हिएन्नाची आहे. ती सांगण्याचे कारण मात्र घरचेच आहे.

आल्फ्रेड रेड्ल १८६४ साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील लेंबर्ग येथे जन्मला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. बाप रेल्वेच्या नोकरीत, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. बादशाही सैन्यात कुळाला आणि जहागिरीला मान. या मुलाजवळ दोन्ही नव्हते. तरी तो केवळ बुद्धीच्या आणि मेहनतीच्या बळावर वर चढला. रशियन भाषा शिकण्यासाठी त्याला कझान येथे पाठविण्यात आले. १९०० साली तो लष्कराच्या हेरखात्यात आला आणि पुढे परक्यांचे हेर पकडण्याच्या कामाचा प्रमुख झाला. भेटीस येणाऱ्याचे नकळत छायाचित्र घेणे, बोटांचे ठसे मिळविणे, संभाषण तबकडीवर उतरविणे, या युक्त्या त्याने खात्यात रुळविल्या. आणि हाच पहारेकरी कित्येक वर्षे आपल्या घराच्या किल्ल्या रशियाला विकत होता! सैन्याच्या जमवाजमवीचे आराखडे, किल्ल्यांची माहिती, रशियात काम करणाऱ्या हेरांची नावे, असा सारा माल त्याने विकला.

का विकला? पुरुषांशी असलेले त्याचे संबंध हेरून रशियनांनी त्याला धमकावले, अशी कथा फार वर्षे सांगितली गेली. परंतु कागदपत्रे तपासणारे अभ्यासक पैशाची हाव हेच मुख्य कारण मानतात. मोटारगाडी, उंची पोशाख, प्रियकरावर उधळपट्टी. हे सारे पगारात बसणारे नव्हते. तरी ‘साहेब, हे कोठून येते?’ असे कोणी विचारले नाही. वरिष्ठाला हिशेब विचारावयाचा नाही, ही तिथली शिस्त होती.

१९१२ साली तो प्रागला आठव्या कोअरचा प्रमुख स्टाफ अधिकारी होऊन गेला. १९१३ साली व्हिएन्नाच्या मुख्य टपालकचेरीत कोणी न नेलेले एक पत्र बर्लिनला परत गेले. तेथे ते फोडले, तो आत ६००० क्रोनच्या नोटा आणि हेरगिरीशी संबंध असलेले पत्ते! जर्मनांनी व्हिएन्नाला कळविले. मग टपालकचेरीत आठवडेच्या आठवडे पाळत राहिली. २४ मे रोजी संध्याकाळी एक गृहस्थ त्याच टोपणनावाची पत्रे घेऊन गेला. माग काढीत पोलीस क्लोम्सर हॉटेलात पोचले, तेव्हा त्यांना दिसला तो त्यांच्याच हेरखात्याचा जुना गुरू.

त्या रात्री लष्करी अधिकारी त्याच्या खोलीत गेले. चार प्रश्न झाले, पिस्तूल देण्यात आले आणि मंडळी खाली रस्त्यावर वाट पाहत उभी राहिली. २५ मेच्या पहाटे रेड्लने स्वतःवर गोळी झाडली. ही व्यवस्था सरसेनानी कॉनराड यांच्या संमतीची होती. खटला नाही, नीट जबानी नाही. अतिश्रमाने मेंदूवर ताण पडून एका गुणी अधिकाऱ्याने आत्महत्या केली, असे जगाला सांगण्यात आले.

ही मूठ उघडली कोणी? प्रागचा बातमीदार एगॉन एर्विन किश सांगतो की, त्याच्या फुटबॉल संघातला एक कुलूपकारागीर त्या रविवारी सामन्याला आला नाही. लष्कराने त्याला रेड्लच्या घरची कुलपे फोडावयास नेले होते. त्यावरून किशने बातमी ताडली आणि सरकारी खुलाशाच्या रूपात, म्हणजे ‘ही अफवा खोटी आहे’ अशा शब्दांत, छापून टाकली. या गोष्टीत त्याने थोडा मसाला घातला असावा, असे आजचे अभ्यासक म्हणतात. पण थोड्याच दिवसांत सारे उघड झाले, हे खरे.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि सप्टेंबर १९१४ मध्ये रशियनांनी लेंबर्ग घेतले. सगळा पराभव रेड्लच्या माथी मारणे न्यायाचे नाही. चुका सेनापतींच्याही होत्या. परंतु नक्की काय विकले गेले, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि अब्रू वाचविण्याच्या घाईत त्याच्याच हाती पिस्तूल दिले गेले!

आता घरची गोष्ट. आमच्या युनियनमध्ये एकदा कार्यकारिणीतलाच एकजण मालकाला बातम्या पुरवीत असल्याचे आढळले. आम्ही ठरविले, बोभाटा नको. राजीनामा घ्या आणि गप्प बसा. आम्हीही त्यात होतो. सहा महिन्यांत कामगार एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. ज्याने काही केले नव्हते असा एक जुना कार्यकर्ता ‘तोच तो’ म्हणून बदनाम झाला आणि युनियन सोडून गेला. त्याला आम्ही खरे नाव सांगून वाचवू शकलो असतो. शेवटी सर्वसाधारण सभेत सगळे मांडले, तेव्हा लोक रागावले, ओरडले, पण वर्गणी द्यावयाला परत आले. तो मात्र परत आला नाही.

फितूर प्रत्येक संस्थेत निघू शकतो; ती संस्थेची नाचक्की नव्हे. त्याला झाकण्यात नाचक्की आहे. व्हिएन्नाच्या सेनापतींना ते कळले नाही, आणि आम्हांला कळले ते एका निरपराध माणसाची किंमत देऊन.