शूर्पारकाचा समुद्र कुठे गेला?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार भेटते : कालांतराने या बंदराचा ऱ्हास झाला. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण ऱ्हास केला कोणी, याचा त्यात पत्ता नाही. राजा हरला की लढाईचे साल, सेनापतीचे नाव, तहाची कलमे सारे काही मिळते. बंदर संपले की मात्र ‘कालांतराने’ या एका क्रियाविशेषणावर भागवले जाते. या क्रियाविशेषणाच्या पोटात काय दडले आहे, ते शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या निमित्ताने पाहता येईल.

सोपारा आज ठाऊक असते ते नालासोपारा या रेल्वे स्थानकामुळे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूप आणि त्यातील करंडक उजेडात आला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना त्याच साली मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी सापडला. मौर्य सम्राटाने आपली आज्ञा जेथे कोरून ठेवली, ते ठिकाण आडवळणाचे खासच नसणार. आज मात्र तेथे गलबत लागेल एवढे पाणी नाही.

समुद्र मागे हटला, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः समुद्र फारसा कुठे गेलेला नाही, खाडी भरली. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळून पाणी चढत गेले आणि कोकणातल्या नद्यांनी आधी खोदून ठेवलेल्या दऱ्यांची तोंडे बुडाली. आपल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्याच. सहा-सात हजार वर्षांपूर्वी ही चढण मंदावली आणि तेव्हापासून नद्या त्या दऱ्या पुन्हा भरून काढत आहेत. सोपारा वसले आहे ते उत्तरेची वैतरणा आणि दक्षिणेची वसईची खाडी, जिच्यातून उल्हास नदी समुद्राला मिळते, यांच्यामधल्या सखल पट्ट्यात. पावसाच्या चार महिन्यांत सह्याद्रीची माती या नद्यांतून खाली येते. गोड्या पाण्यात तरंगत आलेले चिकणमातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्याची गाठ पडताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसू लागतात. भरती-ओहोटीच्या सांध्यावर पाणी क्षणभर थबकते, त्या उसंतीत आणखी थोडा गाळ खाली उतरतो. त्यावर तिवरे रुजतात, त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात. समुद्राच्या बाजूने लाटा रेती लोटून पुळण उभी करतात. मग माणूस येतो, खाजणाला बांध घालतो, उघाडी बसवतो आणि भात लावतो. शिलोत्रीसारख्या धारापद्धती या अशाच मिळवलेल्या जमिनीच्या. निसर्गाच्या या कामात शेतकऱ्याचा हात आहे, ही गोष्ट खाडीविषयी हळहळताना आपण विसरतो.

गाळाची ही दहशत प्राचीन लेखकांना ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अज्ञात कर्ता भडोचपाशी आला की व्यापारी न राहता जवळजवळ कथाकार होतो. नर्मदेचे मुख सापडत नाही, कारण किनारा सखल. आत शिरावे तर उथळ वाळूचे दांडे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जातात आणि परकी जहाजे भरतीच्या बेताने ओढत बंदरात आणतात. अमावास्येच्या भरतीचा लोंढा दुरून ऐकताना सैन्याच्या कोलाहलासारखा वाटतो, असेही तो सांगतो. भडोचनंतर सोपाऱ्याचे मात्र तो केवळ नाव घेतो आणि पुढे सरकतो. माझ्या मते हा मजकूर इतिहासाच्या वर्गात जितका वाचला जातो, तितकाच साहित्याच्या वर्गात वाचला गेला पाहिजे.

तथापि ‘राजा’ काढून त्या जागी ‘गाळ’ बसवला की उत्तर मिळाले, असे समजणे हा दुसरा आळस होय. सोपाऱ्यापाठोपाठ त्याच ग्रंथात कल्याण येते. ते पूर्वी रीतसर बाजारपेठ होते. सत्ता बदलल्यावर तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहारा देऊन भडोचला नेली जाऊ लागली. हा घाव गाळाचा नव्हता. आणि सोपारा? शिलाहार राजा अनंतदेवाच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात ज्या बंदरांतील जकात माफ केली आहे, त्यांत शूर्पारकाचे नाव आहे. म्हणजे ‘पेरिप्लस’नंतर हजार वर्षांनीही तेथे जकात माफ करण्याजोगा व्यापार होता. सातवाहन गेले, बंदर राहिले. पुढे १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगिजांना वसई मिळाली आणि किल्ला, व्यापार, सारे खाडीच्या मुखाशी एकवटले. सोपारा आत राहून गेला. गाळाचे काम असेच असते. त्याची मिती देता येत नाही आणि ज्यांच्या दारात ते चालते, त्यांना एका आयुष्यात ते जाणवतही नाही.

मिती गाळालाच विचारावी लागते. त्यातील शंखशिंपले, तिवरांचे अवशेष, परागकण यांवरून कोणत्या थरापाशी खारे पाणी येणे थांबले आणि केव्हा, याचा अंदाज बांधता येतो. ताम्रपट वाचायला लिपी लागते, तसा हा दस्तऐवज वाचायला खोलवर छिद्र घेऊन अभंग काढलेला मातीचा गाभा लागतो. वसई-विरारच्या याच सखल पट्ट्यात गेल्या काही दशकांत भराव टाकून इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढले आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी पावसाचे आकडे छापले. जुन्या खाडीच्या वाटा कोणत्या इमारतींखालून जातात, याचा नकाशा मात्र कोणत्याही बातमीत माझ्या पाहण्यात आला नाही. तो काढायचा, तर ज्या गाळातून काढायचा, तोच गाळ आता पायाच्या काँक्रीटखाली चालला आहे.