पपनसाचे सरबत, सोमल आणि एक गादी : बडोदे, १८७४ #थ्रेड

१/ ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका आटोपून परतले. मेजावर नेहमीचे पपनसाचे सरबत होते. दोन-तीन घोट घेताच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला.

२/ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना त्या गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आढळले. मुंबईचे सरकारी रसायन-परीक्षक डॉ. ग्रे यांनी त्यास दुजोरा दिला. शिवाय हिऱ्याची पूडही सापडली. हिरा पोटात गेल्यास माणूस मरतो, ही जुनी समजूत. खरा घातक होता तो सोमलच.

३/ पांढऱ्या सोमलाला जवळजवळ चव नसते. साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम एवढी मात्राही प्राणघातक ठरू शकते. घशात जळजळ, ओकाऱ्या, पोटात कळा, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. मग शरीरातील पाणी आटते आणि नाडी क्षीण होत जाते. ही लक्षणे पटकीशी मिळतीजुळती. त्यामुळे पटकीच्या साथींच्या काळात असा खून सहज लपून जाई.

४/ त्या काळी उपचार तुटपुंजे होते : ओकारी करवणे आणि लोहाचे ताजे हायड्रॉक्साइड पाजणे. हा उतारा बुन्सेन यांनी १८३४ मध्ये सुचवला. तो पोटातील विष बांधून ठेवी. रक्तात भिनलेल्या विषावरील डायमरकॅप्रॉल हे औषध मात्र दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये तयार झाले. फेअर वाचले ते मात्रा थोडी पोटात गेली म्हणून.

५/ संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. फेअर यांना बदलावे, अशी मागणी त्यांनी आठवडाभरापूर्वीच केली होती. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली. सहा सदस्यांच्या आयोगापुढे सार्जंट बॅलंटाइन यांनी त्यांचा बचाव केला. पेल्यात काय होते, हे रसायनशास्त्राने सिद्ध केले. ते कोणाच्या सांगण्यावरून घातले, हे मात्र माफीच्या आश्वासनावर बोलणाऱ्या रावजी हवालदार आणि दामोदरपंत यांच्या जबान्यांवर अवलंबून राहिले.

६/ आयोग दुभंगला. तिन्ही इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना वाटला नाही.

७/ तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले. कारण दाखवले ते विषप्रयोगाचे नव्हे, गैरकारभाराचे. त्यांची रवानगी मद्रासला झाली आणि १८८२ मध्ये ते निवर्तले. रिकाम्या गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला : पुढचे सयाजीराव महाराज. सरबतात सोमल कोणी कालवले, याचा निर्विवाद निवाडा मात्र कधीच झाला नाही.