बर्फावरची युनियन

डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाचा टेड लिंडसे चणीनं लहान, पण बर्फावर उतरला की भल्याभल्यांना सळो की पळो करून सोडायचा. ‘टेरिबल टेड’ हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. तोंडभर टाक्यांचे वण होते. गॉर्डी हाऊ, सिड एबल आणि तो, अशी ही आघाडीची फळी गाजली. १९५० ते १९५५ या काळात रेड विंग्जनी चार वेळा स्टॅन्ली कप जिंकला.

पैशांची गोष्ट मात्र वेगळी. नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा संघ अवघे सहा, आणि जागेसाठी खालच्या लीगमधली पोरं टपलेली. त्यामुळे मालक पुढे करील त्या कागदावर मुकाट सही करायची. प्रत्येक खेळाडू दरवर्षी पेन्शन फंडात ९०० डॉलर भरायचा. त्या पैशांचं होतं काय, असं लिंडसेनं विचारलं. तो फंडाच्या मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी होता, तरी वह्या त्यालाही दाखवल्या नाहीत.

मग त्यानं बेसबॉल खेळाडूंचे वकील गाठले, माँट्रियलच्या डग हार्वीला बरोबर घेतलं आणि गुपचूप सह्या गोळा केल्या. वर्गणी माणशी १०० डॉलर. एखादा अपवाद सोडला तर सगळ्यांनी भरली. फेब्रुवारी १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संघटना जाहीर झाली.

त्या हंगामात लिंडसेनं ८५ गुण मिळवले, कारकिर्दीतले सर्वाधिक. तरीही जुलैत व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्सनं त्याची रवानगी तळाच्या शिकागोला केली. वर त्याच्या पगाराचे फुगवलेले आकडे वार्ताहरांच्या कानावर घातले. टोरांटोच्या संघटनावाल्या जिमी थॉमसनलाही शिकागोचीच वाट दाखवली गेली.

नोव्हेंबरात डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी अंग काढून घेतलं, त्यांत हाऊही होता. खरं तर हाऊनं पाय रोवले असते, तर त्याला हात लावायची मालकांची छाती झाली नसती. फेब्रुवारी १९५८ मध्ये मालकांशी तडजोड झाली: किमान पगार ७,००० डॉलर, पेन्शनमध्ये थोडी भर. संघटना बुडाली; खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहायला १९६७ उजाडलं.

लिंडसेचा ताठा गेला नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी तो डेट्रॉइटला परतला आणि एका हंगामात १७३ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये काढली. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली, पण जेवणाला फक्त पुरुषांनाच प्रवेश. बायकामुलांना येऊ देत नसाल तर मीही येत नाही, असं त्यानं कळवलं, आणि गेला नाही. पुढच्या वर्षी तो नियम बदलला.