वार्धक्यातील स्मृतीची परीक्षा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या भाषेत फार पूर्वीपासून रूढ आहे. ‘म्हातारचळ’ हा शब्दही तितकाच परिचयाचा. वय झाले की माणूस विसरणार, एकच गोष्ट दहादा सांगणार, नातवंडांची नावे चुकविणार, आणि घरच्यांनी ते फारसे मनावर घ्यावयाचे नाही, अशी एक समजूत या शब्दांमागे आहे. तिच्यात थोडी माया आहे, आणि थोडे दुर्लक्षही आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकशास्त्राने या समजुतीची उलटतपासणी केली. विसरणे कोठपर्यंत वयाचे व कोठपासून रोगाचे, हे ठरविण्यासाठी त्याने प्रश्न तयार केले, उत्तरांना गुण दिले, आणि आता तर ते प्रश्न संगणकाच्या पडद्यावर आणून ठेवले आहेत. या परीक्षेची हकीकत आज मी आपणांस थोडक्यात सांगणार आहे.

आरंभ करावा लागतो तो जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरापासून. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथील मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव आलोइस अल्झायमर. त्यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे कागदावर टिपून ठेवली. नाव काय, असे विचारता ती ‘ऑगुस्ट’ म्हणाली. आडनाव विचारले, तेव्हाही तेच उत्तर आले. आणि पतीचे नाव विचारले तरी तेच. पेन्सिल, किल्ली, चिरूट या वस्तू दाखविल्यावर तिने त्या बिनचूक ओळखल्या. पण थोड्या वेळाने आपणांस काय काय दाखविले होते, हे तिला सांगता येईना. दुपारच्या जेवणात तिच्या पुढ्यात फुलकोबी होती, आणि ती म्हणाली की आपण पालक खात आहोत. स्वतःचे नाव लिहिताना हात थांबला, तेव्हा आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढले.

१९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. अल्झायमर तोपर्यंत म्यूनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तेथे मागवून घेतला व सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेली किटणे आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता त्यांना दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हा वृत्तांत सादर केला, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले. ऑगुस्टबाईंचे कागद पुढे कोठे गेले याचा पत्ता नव्हता. ते १९९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथेच सापडले.

त्या कागदांत प्रश्न आहेत, उत्तरे आहेत. गुण मात्र कोठेही नाहीत. डॉक्टर रोग्याजवळ बसत होता, विचारीत होता, ऐकत होता. हे मोजमाप आकड्यांत यावयास आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्ध रोग्यांना ठरावीक प्रश्न विचारून त्यांचे गुण नोंदविले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूतील किटणांची संख्या मोजली. १९६८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, गुण जितके खालावलेले तितकी किटणे सर्वसाधारणपणे अधिक. तोंडी विचारलेल्या साध्या प्रश्नांचा मेंदूतील प्रत्यक्ष विकृतीशी असलेला संबंध येथे प्रथमच आकड्यांनी सांगितला गेला, आणि प्रश्नावलीला नवी प्रतिष्ठा मिळाली.

१९७२ मध्ये हॉडकिन्सन यांनी दहाच प्रश्नांची एक आटोपशीर परीक्षा सुचविली. वय काय, साल कोणते, राजपदावर कोण आहे, पहिले महायुद्ध कोणत्या साली सुरू झाले, वीसपासून उलटे अंक म्हणा, असे ते प्रश्न. १९७२ सालच्या सत्तरीतील इंग्रज माणसास १९१४ हे साल पाठ करावे लागत नव्हते; ते त्याच्या बालपणाच्या आठवणींत होते. आज ऐंशी वर्षांचा असणारा इंग्रज दुसरे महायुद्ध संपता संपता जन्मलेला आहे. त्याला १९१४ ठाऊक असेल तर ते पाठ्यपुस्तकातून. प्रश्न तोच राहिला, पण काल जो आठवणीची परीक्षा घेत होता तो आज शाळेच्या अभ्यासाची घेऊ लागला.

१९७५ साली अमेरिकेतील मार्शल फोलस्टीन, सुसान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची जी परीक्षा प्रसिद्ध केली, ती पुढे जगभर पसरली. पाच-दहा मिनिटांचे काम. आजची तारीख, ऋतू, ठिकाण. तीन वस्तूंची नावे लक्षात ठेवणे. शंभरातून सात सात वजा करीत जाणे. एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने सांगणे. एक वाक्य लिहिणे. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढणे. चोवीसपेक्षा कमी गुण पडले की शंका घ्यावी, असा संकेत रूढ झाला.

श्रोतेहो, या यादीतील किती गोष्टी स्मृतीच्या आहेत आणि किती शाळेच्या आहेत, याचा क्षणभर विचार करा. अमेरिकेतच अठरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी होऊन १९९३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचे मधले गुण २९ होते. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचे २६. आणि चार वर्षे वा त्याहून कमी शाळा पाहिलेल्यांचे २२. म्हणजे ज्याला शाळेचे तोंड फारसे दिसले नाही, असा चारचौघांसारखा माणूससुद्धा चोवीसच्या खाली पडणार! जी परीक्षा रोग शोधण्यास निघाली, तीच अल्पशिक्षणाला रोग म्हणू लागली, तर तिच्या हातून मोठा अन्याय घडेल.

आपल्या घरातील एखाद्या आजीचे उदाहरण घ्या. तिला आजची तारीख विचारली तर ती गोंधळेल. तिथी विचारली तर ‘आज दशमी, उद्या एकादशी’ असे क्षणाचाही विलंब न लावता सांगेल. वस्तुतः तिथीचा हिशेब तारखेहून कठीण, कारण तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. तथापि परीक्षेच्या कागदावर या उत्तराला शून्य.

या अडचणीवरचा एक उपाय आपल्याच देशात निघाला, आणि मला तो या इतिहासातील सर्वांत उमद्या प्रसंगांपैकी एक वाटतो. दिल्लीजवळ हरियाणात बल्लभगड म्हणून गाव आहे. तेथील खेड्यांतील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी फोलस्टीन यांच्या परीक्षेचा हिंदी अवतार तयार करून तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करावयाचे होते. तेथे तपासनिसाने स्वतः डोळे मिटावयाचे आणि वृद्धाने पाहून तसेच करावयाचे, असे ठरले. वाक्य लिहिण्याच्या जागी आपल्या घराविषयी काही सांगा, असा प्रश्न आला. प्रत्येक प्रश्न मनाची कोणती शक्ती तपासतो हे आधी ओळखले, आणि मग ती शक्ती त्या माणसाच्या रोजच्या जीवनात कोठे वावरते ते शोधले. परीक्षेसाठी माणूस बदलता येत नाही, हे त्यांना कळले होते.

इकडे यंत्रेही पुढे सरकत होती. १९८० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे बोटाने स्पर्श करावयाच्या पडद्यावर चालणाऱ्या कसोट्या तयार झाल्या. पडद्यावरील पेटी उघडते, आत एक आकृती दिसते, पेटी मिटते. कोणती आकृती कोणत्या पेटीत होती ते दाखवावयाचे. यात भाषेचे काम थोडे आहे, ही जमेची बाजू. २००५ मध्ये माँट्रियल येथील झियाद नासरेद्दीन यांची परीक्षा प्रसिद्ध झाली. सौम्य दोष पकडण्यात ती अधिक तीक्ष्ण ठरली. बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यास तीत एक गुण वाढवून देण्याची तरतूद होती. पुढे २०१५ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या संशोधकांनी जुनी घड्याळाची परीक्षा नव्या लेखणीने घेतली. कागदावर घड्याळ काढून काटे लावावयाचे; पण ही लेखणी आपली प्रत्येक हालचाल वेळेसह नोंदविते. चित्र बिनचूक उतरले तरी हात किती वेळ थबकला, हे तिला समजते. स्मृतिदोष असणारी माणसे काढण्यापेक्षा विचार करण्यात अधिक वेळ घालवितात, असे त्यांना आढळले. डॉक्टरांच्या डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट यंत्राने टिपली, हे मान्य केलेच पाहिजे.

आणि वेळेवर टिपण्यास आज पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. ते रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतच द्यावयाचे असते. त्याने ऱ्हासाची गती काहीशी मंदावते, रोग बरा होत नाही, आणि मेंदूस सूज येणे, रक्तस्राव होणे हे धोके आहेतच. आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील शंभरांत सुमारे सात, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक, आणि खेड्यांतले शहरांपेक्षा अधिक. म्हणजे ज्यांना शाळाही कमी लाभली आणि यंत्रही कमी हाताळावयास मिळाले, त्यांच्यातच हा रोग जास्त. पडद्यावर बोट कापले, सूचना नीट ऐकू आली नाही, चष्म्याचा नंबर जुना असला, की यंत्र तेवढाच वेळ अधिक मोजणार.

म्हणूनच अशा परीक्षेचा कौल अखेरचा समजू नये. कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वच वृद्धांची सरसकट चाळणी करावी की नाही, याबद्दल पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या अधिकृत समितीने २०२० मध्ये दिला. तक्रार असेल तर मात्र तपासणी अवश्य करावी, आणि गुण कमी आले तर रक्ताची, थायरॉइडची, बी-१२ जीवनसत्त्वाची, कानांची तपासणीही व्हावी. खिन्नतेने किंवा चालू औषधांनीही माणूस विसराळू होतो. आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखविले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. जे कधीच शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक आढळला. विद्वानांत यावर वाद आहेत. तरी घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तेलुगू, गुजराती किंवा हिंदी बोलत ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे वाचून बरे वाटेल. पण याच माणसास परीक्षेच्या वेळी कोणत्या भाषेत विचारावयाचे? उतारवयात मन बहुधा आईच्या भाषेकडे वळते. डॉक्टरांकडे किंवा यंत्रापुढे आपल्या वडीलधाऱ्यांना नेताना घरचे कोणी सोबत असावे, प्रश्न त्यांच्या भाषेत व्हावेत, आणि शाळा किती झाली हे आधी सांगितले जावे, एवढा आग्रह आपण धरू शकतो.

आणि तारीख विचारल्यावर आजी ‘एकादशी’ म्हणाली, तर पंचांग काढून पाहावे. तिचे उत्तर बरोबर असण्याचा संभव पुष्कळ आहे.