हाताच्या गिअरची पिकअप : अमेरिकी बाजाराचा इतिहास आणि जुन्या गाडीची पारख

मध्यम आकाराची पिकअप म्हणजे फोर्ड एफ-१५० सारख्या पूर्ण आकाराच्या ट्रकपेक्षा लहान, पण मोटारीपेक्षा दणकट, वेगळ्या पोलादी चासीवर बसवलेली आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. अमेरिकेत हाताने गिअर टाकायची अशी गाडी नवी घ्यायची तर २०२५ च्या मॉडेलांत टोयोटा टाकोमा ही एकच उरली. ज्याला क्लच आणि गिअरचा दांडा हवा, त्याला बहुतेक वेळा जुन्या गाड्यांच्या बाजारातच जावे लागते. तिथे कोणत्या सालच्या, कोणत्या कंपनीच्या गाड्या सापडतात आणि त्यांची दुखणी कोणती, हे जकात, कारखाने आणि ग्राहकांच्या बदलत्या सवयी यांनी ठरवले आहे.

अमेरिकेत छोटी पिकअप रुजवली ती जपानी कंपन्यांनी. डॅटसनच्या गाड्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे विकायला आल्या. टोयोटाने १९६४ मध्ये स्टाउट आणि १९६९ मध्ये हायलक्स आणली. चार सिलिंडरचे छोटे इंजिन, हाताचे गिअर, मागे पाटे आणि साधी केबिन असे त्यांचे रूप होते. मोठ्या अमेरिकी ट्रकच्या मानाने त्या स्वस्त होत्या आणि पेट्रोलही कमी पीत. हाताचा गिअर तेव्हा खास आवड म्हणून मागितला जात नसे. कामाच्या स्वस्त गाडीत तोच असायचा.

याच काळात एका जकातीने या व्यवसायाची दिशा बदलली. युरोपच्या सामायिक बाजाराने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कोंबडीवरची जकात वाढवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के जकात बसवली. ती जानेवारी १९६४ पासून लागू झाली. ट्रकच्या बाबतीत नेम होता जर्मनीच्या फोक्सवागेनवर. पुढे कोंबडीचा वाद मिटला, ट्रकवरची जकात मात्र कायम राहिली आणि तिला ‘चिकन टॅक्स’ हेच नाव चिकटले.

तिच्यातून पळवाट निघायला वेळ लागला नाही. हौदा न बसवलेली, नुसती केबिन आणि चासी अशी गाडी आयात केली तर जकात ४ टक्केच पडे. गाडी बंदरावर उतरवून हौदा अमेरिकेत बसवण्याची पद्धत पडली. टोयोटाचे हौदे कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे बनू लागले. अमेरिकी कंपन्यांनीही हीच वाट धरली. १९७२ च्या सुमारास आलेली फोर्ड कुरिअर मूळची माझ्दाची होती, तर शेव्हरोलेची लव्ह ही इसुझूची. १९८० मध्ये सरकारने केबिन-चासीलाही ट्रक ठरवले आणि ही वाट बंद झाली.

त्यामुळे गाड्या अमेरिकेतच बांधणे भाग पडले. शेव्हरोले एस-१० आणि फोर्ड रेंजर या घरच्या पिकअप १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आल्या. निस्सानच्या टेनेसीतील स्मर्ना कारखान्यातून १९८३ मध्ये पहिला ट्रक बाहेर पडला. टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या फ्रीमाँट येथील भागीदारीच्या कारखान्यात १९९१ पासून टोयोटाच्या पिकअप तयार होऊ लागल्या. आज तो कारखाना टेस्लाकडे आहे.

आकार वाढण्याची सुरुवात १९८७ च्या डॉज डकोटाने केली. छोट्या आणि पूर्ण आकाराच्या ट्रकच्या मधला हा पहिला ठळक प्रयत्न होता. टोयोटाने १९९५ मध्ये टाकोमा हे नाव आणले. २००५ मध्ये टाकोमा आणि निस्सान फ्राँटिअर या दोन्ही गाड्या नव्या, मोठ्या रूपात आल्या आणि मध्यम आकार हाच या वर्गाचा नेहमीचा आकार झाला. चार दारांची केबिन आल्यावर पिकअप घरची गाडीही बनली. शाळा, बाजार आणि शहरातली गर्दी यांसाठी ऑटोमॅटिक सोयीचा होता. पुढे ऑटोमॅटिकमध्ये सहा, आठ, नऊ गिअर आले आणि कमी पेट्रोल खाणारी म्हणून मॅन्युअलची जी ख्याती होती, तीही ओसरली.

त्यानंतर पर्याय झपाट्याने घटले. अमेरिकेतील जुनी रेंजर आणि डकोटा यांचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. शेव्हरोले कोलोरॅडो २०१५ च्या मॉडेलपासून परतली, पण मॅन्युअल फक्त चार सिलिंडरच्या स्वस्त आवृत्तीत होता आणि तोही थोडी वर्षे. २०१९ मध्ये परतलेली रेंजर केवळ ऑटोमॅटिकमध्ये आली. फ्राँटिअरचा मॅन्युअल २०१९ च्या मॉडेलनंतर संपला. २०२० मध्ये आलेल्या जीप ग्लॅडिएटरला सहा गिअरचा मॅन्युअल होता, तो २०२५ मध्ये काढून टाकण्यात आला.

जुनी गाडी पाहताना हा कालक्रम कामी येतो, कारण प्रत्येक पिढीचे दुखणे वेगळे आहे. १९८० च्या दशकातील टोयोटाचे २२आर आणि २२आरई ही इंजिने टिकाऊपणासाठी नावाजलेली, पण त्यांच्या टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड झिजतात. थंड इंजिन सुरू होताच पुढच्या बाजूने खडखड ऐकू आली तर चेन सैल झाली आहे असे समजावे. तसेच चालवत राहिल्यास चेन कव्हरला घासून भोक पाडते आणि कूलंट ऑइलमध्ये उतरते. पहिल्या पिढीच्या टाकोमातील ३.४ लिटर व्ही-६ इंजिनाला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. तो सुमारे ९०,००० मैलांना बदलायचा असतो, म्हणून बदलल्याची पावती मागावी.

टाकोमाचे खरे दुखणे गंजाचे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत तिच्या चासी आतून सडल्या. टोयोटाने २००८ मध्ये १९९५ ते २००० च्या गाड्यांच्या चासीची हमी गंजापुरती १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार खराब झालेल्या गाड्या परत विकत घेतल्या. २००५ ते २०१० च्या टाकोमांचाही पुढे न्यायालयीन तडजोडीत समावेश झाला. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन, मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ चासीवर हातोडीने हलके ठोके देऊन पाहावे. धडधाकट पोलाद खणखणते. आवाज बोदा आला किंवा पापुद्रे गळाले तर रंग कितीही चकचकीत असला तरी ती गाडी सोडावी. नुकताच काळा रंग मारलेली चासी दिसली तर अधिक बारकाईने तपासावी.

जुन्या रेंजरच्या पाच गिअरच्या माझ्दा गिअरबॉक्सवर, वरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला तीन रबरी बुचे असतात. ती सुकून कडक झाली की ऑइल झिरपते आणि कोरडा गिअरबॉक्स हळूहळू खराब होतो. तिचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घराच्या आत बसवलेला आहे, त्यामुळे तो बदलायला सगळा गिअरबॉक्स खाली काढावा लागतो. ग्लॅडिएटरच्या मॅन्युअल गाड्या क्लचची प्रेशर प्लेट तापून तुटण्याच्या धोक्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झाले आहे का, हे गाडीच्या ओळख क्रमांकावरून कळते.

फ्राँटिअरच्या बाबतीत हाताचा गिअर ही उलट जमेची बाजू ठरते. २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक गाड्यांत रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळत असे आणि गिअरबॉक्स निकामी होई. मॅन्युअल गाडीला तो कूलरच नाही.

कोणत्याही गाडीवर क्लचची परीक्षा चालवूनच होते. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट संपली आहे. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना करकर झाली तर सिंक्रो झिजले आहेत. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग तपासावे.

भारतात या घराण्यातल्या गाड्यांची स्थिती निराळी आहे. टोयोटा हायलक्स २०२२ पासून इथे सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही नवी मिळते, आणि मालवाहू पिकअपमध्ये तर हाताचा गिअर हाच रिवाज आहे.

अमेरिकी बाजारात जुन्याची निवड करताना क्रम पक्का ठेवावा : आधी चासी, मग देखभालीच्या पावत्या, मग इंजिन आणि गिअरबॉक्स, आणि शेवटी क्लच. क्लचप्लेट झिजण्यासाठीच असते आणि बदलता येते. सडलेली चासी बदलण्याचा खर्च बहुधा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. बजेट बेताचे असेल तर फ्राँटिअर घ्यावी. पुढे विकताना चांगली किंमत हवी असेल तर कोरड्या हवेच्या राज्यात वापरलेली, ४.० लिटर इंजिनाची २००५ ते २०१५ मधली टाकोमा घ्यावी.