वचन कोणाचे?

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस जाऊन स्थायिक झाले आणि त्यांच्या घराण्याने तेथे धर्मशास्त्राची पेढीच चालविली. त्यांचे पणतू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पुरा केला; कमलाकरांचे चुलतबंधू नीलकंठभट्ट यांनी बारा मयूखांचा 'भगवंतभास्कर' रचला. त्यांतला 'व्यवहारमयूख' दायभाग, कर्ज, साक्ष इत्यादी प्रकरणांचा.

या पंडितांच्या लेखनाला दंडक असे. मत मांडावयाचे तर वचन हवे, आणि वचनाला ऋषीचे नाव हवे. ते दुसऱ्या निबंधातून घेतलेले असल्यास पुष्कळदा त्या निबंधाचाही उल्लेख होई : 'इति हेमाद्रौ', 'इति मदनरत्ने'. नाव नसेल तेथे 'स्मृत्यंतरे' एवढेच. अध्याय आणि श्लोकांक मात्र बहुधा नसत. वाचणाऱ्यास ग्रंथ मुखोद्गत आहे, हे जणू गृहीतच होते. मनूच्या बाबतीत ते चालून जाई. पण कात्यायन आणि बृहस्पती यांच्या स्मृती मूळ स्वरूपात उरल्याच नाहीत. त्यांचे श्लोक कोठे पडताळावयाचे?

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी 'व्यवहारमयूख' प्रमाण मानला. जवळचे वारस नसलेल्या भावाच्या मिळकतीवर नीलकंठांनी आजीच्या मागोमाग बहिणीचा हक्क सांगितला होता, आणि त्यास आधार दिला होता मनूच्या व बृहस्पतीच्या वचनांचा. काशीत लिहिलेल्या त्या चार ओळींवर गुजरात-कोकणातील बहिणींची घरे-शेते अवलंबून राहिली. बोराडेल यांचे इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये सुरतेस निघाले, विश्वनाथ नारायण मंडलिकांचे १८८० मध्ये. न्यायाधीशांचा भरवसा पुष्कळसा अशा भाषांतरांवरच असे.

पुढे पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये 'व्यवहारमयूख' संपादिला. काणे स्वतः वकील. पुराव्यावाचून विधान त्यांना रुचणे शक्य नव्हते. नीलकंठांची वचने कोठली, हे ते शोधीत गेले. एकच श्लोक एका निबंधात एका ऋषीच्या नावावर, दुसऱ्यात दुसऱ्याच्या, असेही आढळते. १९३३ मध्ये त्यांनी कात्यायनाचे व्यवहारविषयक श्लोक निरनिराळ्या निबंधांतून वेचून एकत्र छापले, आणि कोणता श्लोक कोठे उद्धृत आहे तेही नोंदविले. निबंधकारांनी नाव घालण्याचा दंडक पाळला नसता, तर हे काम आरंभताच आले नसते.

त्यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या कित्येक पानांवर तळटीपांनी मजकुराहून अधिक जागा व्यापली आहे.