हातांतून पडलेलें रिव्हॉल्व्हर

१ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहांटेच्या सुमारास मुंबईंत जुहू येथें प्रसिद्ध चित्रपटनट गोविंदा हे कलकत्त्यास जाण्याच्या तयारींत असतां त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली व ती त्यांच्या डाव्या पायांत शिरली. रिव्हॉल्व्हर हातांतून निसटून खालीं पडलें व गोळी उडाली, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. शस्त्रक्रियेनें गोळी काढली गेली व सुदैवानें जीव वांचला. त्या विशिष्ट अपघाताचा निवाडा करणें हें माझें काम नव्हे. परंतु चापावर बोट नसतां, केवळ पडल्यानें शस्त्र उडतेंच कसें, हा प्रश्न कोणाहि विचारी गृहस्थास पडावा असाच आहे. तो प्रश्न सुमारें दीडशें वर्षांचा जुना असून त्याच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रींत बहुधा सहा घरें असतात व प्रत्येक घरांत एक काडतूस बसतें. काडतुसाच्या बुडाशीं एक लहानशी टोपी असते. तिच्यांत आघातानें पेटणारें द्रव्य असतें. चाप ओढला कीं घोडा सुटून पुढें आपटतो, खिळी टोपीवर बसते आणि गोळी सुटते. जुन्या रिव्हॉल्व्हरांत ही टोंकदार खिळी घोड्यासच जोडलेली असून घोडा खालीं बसला असतां ती टोपीस टेकूनच राहत असे. असें शस्त्र घोड्यावर पडलें म्हणजे जमिनीचा धक्का थेट टोपीस पोंचावयाचा. पडणें हा माणसाच्या हाताचा दोष खरा; पण पडतांच उडणें हा रचनेचा दोष होय.

अमेरिकेंतील कोल्ट कंपनीचें १८७३ चें प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर याच जातीचें होतें. घोडा किंचित् मागें अडकवून ठेवण्यासाठीं त्यास एक खांच होती, परंतु जोराच्या आघातापुढें ती टिकेलच असा भरंवसा नसे. म्हणून जाणते लोक सहांपैकीं पांचच घरें भरीत व घोडा रिकाम्या घरावर ठेवीत. जानेवारी १८७६ मध्यें कॅन्सस प्रांतांतील विचिटा गांवीं वायट अर्प हा नामांकित पोलीस अंमलदार खुर्चींत मागें रेलून बसला असतां त्याचें रिव्हॉल्व्हर निसटलें, घोडा खुर्चीवर आपटला व गोळी त्याच्या कोटांतून आरपार गेली. शस्त्रांतच ज्याचें आयुष्य गेलें त्याची ही गत, तर इतरांची काय कथा!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयव्हर जॉन्सन या अमेरिकन कारखानदारानें यावर एक सुबक तोड काढली. त्यानें खिळी घोड्यापासून अलग केली व दोहोंमध्यें एक लहान पोलादी पट्टी बसविली. चाप पूर्ण ओढला तरच ती पट्टी वर येऊन घोड्याचा ठोका खिळीस पोंचविते. एरव्हीं घोडा कितीहि आपटला तरी व्यर्थ. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा, अशा अर्थाची त्याची जाहिरात गाजली. १९०५ च्या सुमारास कोल्ट कंपनीनेंहि घोड्यास अडविणारी कळ आपल्या नव्या रिव्हॉल्व्हरांत घातली.

म्हणजे उपाय ठाऊक होता. तरीहि दुसऱ्या महायुद्धांत काय घडलें तें ऐका. इंग्लंडमधील एन्फील्ड रिव्हॉल्व्हरचें उत्पादन जलद व्हावें म्हणून १९४२ मध्यें त्यांतील घोड्याची सुरक्षा-अटक चक्क काढून टाकण्यांत आली. तीं शस्त्रें पडल्यास धोकादायक ठरलीं, व युद्ध संपल्यावर बहुतेक परत मागवून तो भाग पुन्हां बसवावा लागला. अमेरिकेंत स्मिथ अँड वेसन कंपनीच्या युद्धकालीन रिव्हॉल्व्हरांत अटक होती. पण ती एका स्प्रिंगवर अवलंबून होती व घट्ट झालेल्या वंगणानें अडकून पडे. १९४४ मध्यें असें एक रिव्हॉल्व्हर जहाजावर पडून एक खलाशी प्राणांस मुकला. तेव्हां कोठें कंपनीनें चापाच्या यंत्रणेनेंच हलणारी, स्प्रिंगवर विसंबून नसलेली नवी अटक तयार केली.

पुढें रूगर कंपनीनें १९५३ पासून जुन्या धर्तीचीं रिव्हॉल्व्हरें विकलीं. १९७३ मध्यें तिनें मधल्या पट्टीची नवी रचना स्वीकारली, आणि १९८२ पासून जुन्या मालकांसहि ती विनामूल्य बसवून देऊं केली. अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०१७ मध्यें, सिग सॉअर कंपनीचें पी-३२० हें पिस्तूल विशिष्ट कोनांत पाठीवर पडल्यास उडतें, असें आढळून आलें. चापाच्या स्वतःच्या वजनानेंच तो धक्क्यासरशीं मागें ओढला जाई. कंपनीनें हलका चाप व आंतील कांहीं भाग बदलून देण्याची योजना जाहीर केली. हें पिस्तूल त्याच वर्षीं अमेरिकन लष्करानें पसंत केलेल्या शस्त्राचें भावंड होतें, हें ध्यानांत घ्यावें.

मी अंबरनाथ पूर्वेस राहतों. आमच्या गांवीं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळें 'तपासणींत माल नाकारला' हे शब्द शेजारच्या कामगारांच्या तोंडून मीं पुष्कळदां ऐकले आहेत. त्या नाकारण्याचें मोल वरील इतिहासावरून कळतें. प्रत्येक सुधारणेची किंमत एक बोटभर पोलादाचा तुकडा. परंतु तो तुकडा नसल्याची किंमत मात्र कारखान्याबाहेरच्या कोणी तरी भरली. दोष उघड सांगून जुना माल सुधारून देणारा कारखानदार आपली अब्रू घालवीत नाहीं, उलट राखतो.

आपल्याकडे खाजगी परवान्यावर मुख्यतः .३२ मापाचीं शस्त्रें मिळतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतील रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली धर्तीचें आहे. १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें परवाना कोणास द्यावा हें ठरविलें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तिनांवरून दोनांवर आणली. परंतु वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर कपाटांतून काढतांना त्यांतील अटक शाबूत आहे काय, हें कायदा प्रत्येक पहांटें येऊन पाहणार नाहीं. तें मालकानें परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावें. शंका असेल तोंवर काडतुसें वेगळ्या कुलपांत ठेवावींत. घरांत लेंकरें वावरतात, आणि शस्त्र कोणाच्या हातून पडलें हें तें विचारीत नसतें.